दादाचा नवा मदरबोर्ड

२६ सप्टेंबर
घरचा कॉम्प्युटर फारच रखडतो. निर्णय घेतला: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, तिन्ही नवी. विंडोज मात्र जुनंच ठेवायचं. तीच डिस्क नव्या बोर्डाला जोडायची, बटण दाबायचं, विषय संपला. आमच्या नंदनवन वस्तीतला दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारून देतो काकाजी, झंझट नाही. मी नुसता हसलो.

सुशीलला कळेलच. माझा धाकटा भाऊ, उमरेडला असतो. हा कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता आणि त्याच दिवाळीत भरल्या घरात म्हणाला होता, दादाले यातलं काही समजत नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. अबोला कडक पाळला आहे.

२७ सप्टेंबर, सकाळी
आमची लेक चिन्मयी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. तिची सगळी ड्रॉइंग्ज याच डिस्कवर, मंगळवारी सबमिशन. बॅकअप घेऊ का, विचारत होती. म्हटलं, डिस्कला आपण हातच लावत नाही तर बॅकअप कशाला? सुहासिनी पोळ्या लाटत राहिली. बायकोचा विश्वास मोठी गोष्ट. आता आंघोळ, मग काम.

२७ सप्टेंबर, दुपारी
बोर्ड बसला. पंखा फिरला. मग निळा पडदा. डिस्कला कुलूप आहे, रिकव्हरी की टाका म्हणतो. कुलूप मी लावलेलं नाही. सुहासिनीला सांगितलं, डिस्क नव्या बोर्डाला ओळखत नाही, हे सुरक्षेचं लक्षण आहे.

२८ सप्टेंबर
जुना बोर्ड परत लावायला घेतला, तर त्याच्या पिना वाकलेल्या. जुनीच वस्तू. की म्हणजे लांबलचक नंबर, आणि तो ज्याच्या अकाउंटवर विंडोज सुरू केलं त्याच्याकडे असतो. म्हणजे सुशीलकडे. प्रश्नच येत नाही. घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा टाकून पाहिल्या.

२९ सप्टेंबर
चिन्मयी कालच मैत्रिणीकडे गेली म्हणे. रडली नाही, हे बरं. पोरीचं वर्ष जाईल. हे लिहितानाही आत काही हलत नाही. जेवलो, पण भाजी कोणती होती आठवत नाही. सुशीलसाठी वाक्य तयार केलं: थोडं तांत्रिक काम आहे. नंबर काढला. चहा घेतला. उद्या.

३० सप्टेंबर
फोन केला. तांत्रिक काम आहे म्हणालो. सुशील म्हणाला, चिन्मयी रविवारपासून इथंच आहे ना दादा, तू आंघोळीले गेला तेव्हाच तिनं बॅकअप घेतला होता, आज सकाळी इथूनच सबमिशन करून टाकलं, आता जेवून राहिली. मग कीचा एकेक आकडा सावकाश सांगितला, मला परत म्हणायला लावला. डिस्क उघडली. सगळं जागच्या जागी.

मन मोठं करून म्हटलं, इतके दिवस बोललो नाही, राग धरू नको. तो म्हणाला, काहून दादा, तू बोलत नव्हता काय? मले वाटलं, कामात असशील.

कॉम्प्युटर एकदम फास्ट झाला आहे. समोर बसलो आहे. काय उघडावं, सुचत नाही.