दिवस पाहिजे का माणूस

९ सप्टेंबर, मंगळवार

पित्तरपाटा लागला, पितरांचे पंधरा दिवस. मेथीच्या वाफ्याला पाणी दिलं. कोथिंबीर अजून दोन दिवस थांबेल.

ग्रुपवर सामसूम. चाळीस पोरंपोरी, सगळी जपानी कार्टूनं पाहणारी. (कार्टून म्हटलं की रागावतात. अॅनिमे म्हणायचं.) एरवी फोन तापतो, पण या पंधरा दिवसांत कोणी नवी मालिका लावत नाही, पाहिलेलीच पुन्हा पाहतात. नियम वर मोठ्या अक्षरात टाकला आहे : सरांचा पंधरवडा.

नियम माझा. गेल्या वर्षी एकानं विचारलं, सर, आज काय सुरू करू? मी सवयीनं लिहून बसले, पित्तरपाट्यात नवं काही सुरू करू नये. त्यांना वाटलं यात काही तरी खोल आहे. मेहकरच्या प्रतीकनं त्यावर लांबलचक लिहिलं, की मेलेल्यांच्या गोष्टी दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय समजत नाहीत. वाचून हसले. मग हसू थांबलं.

११ सप्टें.

गौरवचा मेसेज. चिखलीत त्याचं मोबाइलचं दुकान आहे, ग्रुप त्यानंच काढला.

"सर, ५ ऑक्टोबरला आपला पहिला मेळावा. शिकवणीचा हॉल मिळाला. तुम्ही यायचंच. शाल-श्रीफळ तुम्हाला. आणि समोर बसून नव्या लोकांना शिफारस करायची. भुताखेताचं आणि काळात मागं-पुढं जायचं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही."

खाली चाळीस टाळ्या.

कोणते सर येणार?

१२ सप्टें.

लिहून ठेवते. डोक्यात ठेवून जड झालं.

हे शाळेतून रिटायर झाले आणि फोनवर ही चित्रं पाहायला लागले. कानात वायर, तोंडावर हसू. मी म्हणायची, पोरांसंगं ऱ्हाऊन पोरगंच झाले तुम्ही. ग्रुपमध्ये सगळे ह्यांना मधुकर सर म्हणायचे. भेटलं कोणीच नव्हतं. गाव कोणतं हेही ह्यांनी सांगितलं नव्हतं, मास्तराला लाज वाटली असेल.

गेल्या सालच्या जानेवारीत हे गेले. फोन कपाटात. एप्रिलमध्ये चार्जिंगला लावला तर साखरखेर्ड्याच्या साक्षीचा प्रश्न दिसला, ह्यांनी वाचलेला, उत्तर न दिलेला : "सर, ती मुलगी रोज त्याच मंगळवारात काऊन उठते? चौथ्या भागात सोडून देऊ का?"

पोरगी तीन महिने थांबली होती. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं वाचन ह्यांनी शाळेतून आणलेल्या पुस्तकांवर, भाकरी थापता थापता. खालची इंग्रजी ओळ आली की फोन थांबवायचा, डिक्शनरी पाहायची, पुढं. तेवीस मिनिटांच्या एका भागाला अडीच तास. पाच दुपारी पाच भाग पाहिले आणि लिहिलं, "सोडू नको. पाचव्यात कळते."

लगेच उत्तर. "सर!! कुठं होतात?"

काय लिहू? लिहिलं, "गावाला गेलो होतो."

त्या दिवसापासून मी सर.

१४ सप्टें., रविवार

आज दोघांना सांगितलं. ह्यांची पद्धत वेगळी होती, दहा नावांची यादी टाकायचे. मला दहा येत नाहीत. मी एकच प्रश्न विचारते : तुला गेलेला दिवस परत पाहिजे, का गेलेलं माणूस? दिवस म्हणाला की का. (काळाचं). माणूस म्हणाला की भू. (भुताचं). वहीत तसंच लिहिते.

देऊळगावची नर्स : दिवस. का. मंगळवारवाली दिली.
गौरवचा चुलतभाऊ : "दोन्ही पाहिजे सर." असं कोणी म्हटलं की फाटकवाली. एक बाई रेल्वेचं फाटक सांभाळते. फाटक पाडलं की दर वेळी वेगळ्या सालची गाडी जाते, आणि खिडकीत ओळखीचं कोणी ना कोणी असतं. आपल्याकडं रेल्वेच नाही, म्हणून मला आधी फाटकच समजायला वेळ लागला.

फाटकवालीचे भाग बारा. मी नववा अर्धाच पाहिला आहे. हे तिथंच थांबले होते, १४ मिनिटांवर. पाहिलं तिथवर खाली रेघ दिसते. त्या रेघेपुढं मी गेले नाही, आणि तरी अकरा जणांना ती मालिका सांगितली. अकराही जण खूश.

जाऊबाई दारातून : "कार्टून पाह्यून पाह्यून डोये जातीन व विमल तुये!"

१६ सप्टें. दशमी

ह्यांची तिथी. खीर, कढी, उडदाचे वडे, गवारीची भाजी. पत्रावळ कौलावर ठेवली आणि हात जोडून मागं वळले, तोवर कावळा आला. एकदाही हाक मारावी लागली नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "पाह्य, काईच इच्छा राह्यली नाई भाऊजीची. सुखी हायेत."

मला रागच आला. काही राहिलं नाही कसं? फाटकवाली साडेतीन भाग बाकी आहे. निदान तेवढ्यासाठी तरी पाच मिनिटं अडायचं होतं.

वडा घेऊन गेलासुद्धा.

२१ सप्टें. अमावास्या

पंधरवडा संपला. उद्या घट बसतील. दुपारपासून ग्रुप नुसता उड्या मारतो आहे. सर, नवीन सांगा. सर, आता तरी सांगा.

सोळा जणांना सांगितलं. हात दुखला. प्रत्येकाला शेवटी विचारलं, जेवलास का, जेवलीस का. आधी पोट, मग भूत.

मेळाव्याचं उत्तर दिलं नाही. "पाहतो" एवढंच.

२६ सप्टें.

फ्लेक्सचा फोटो आला. मधोमध ह्यांचा फोटो, ग्रुपवर नावापाशी दिसतो तोच, चष्मा नाकावर घसरलेला. खाली "आमचे सर". मेळाव्याच्या जागेबाहेर लागणार.

आमच्याकडं आता ह्यांचं नाव कशावरच नाही. सातबारा माझ्या नावावर झाला. पेन्शनचा कागद माझ्या नावाचा. राशनच्या कार्डावरून नाव काढायला मीच गेले होते. फक्त या ग्रुपमध्ये हे आहेत. लोक हाक मारतात आणि उत्तर मिळतं. सांगितलं की तिथूनही गेले.

न सांगावं तर चाळीस पोरं हॉलमध्ये एका मेलेल्या माणसाची वाट पाहत बसतील.

तीनदा लिहिलं. तीनदा पुसलं. हे फोनवर लिहायचं नाही. तोंडानं सांगायचं.

"येतो" असं पाठवलं. मग कितीतरी वेळ त्या शब्दाकडं पाहत बसले. येतो.

३ ऑक्टो.

जाऊबाईंना सगळं सांगितलं. आधी समजलं नाही, मग समजलं, मग कपाळावर हात.

"अव माय! दीड वरीस भाऊजी बनून ऱ्हायली तू?"
"हो."
"अन् पोरं काय म्हंतीन?"
"थेच तं."
"मारतीन का?"
"नाई हो. शिकलेली पोरं हायेत."
"मंग मी येते संगं. शिकलेलेच जास्त मारतात."

५ ऑक्टो., रविवार

सकाळच्या एसटीनं दोघी. जाऊबाईंच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, "मारलं नाई तं वाटू, मारलं तं आपणच खाऊ."

हॉलबाहेर ह्यांचा फोटो. उन्हात ह्यांना इतकं मोठं मी कधी पाहिलं नव्हतं. जाऊबाईंनी सवयीनं पदर डोक्यावर घेतला.

आत सत्तर तरी जण. ग्रुपमध्ये नसलेलेही आले होते. कोणाच्या केसांना निळा रंग, एका मुलीनं पुठ्ठ्याची तलवार केलेली. गौरव धावत आला. "काकू, तुम्ही सरांच्या घरून का? सर मागं आहेत?"

म्हटलं, माईक दे.

हे वर्गात पहिल्या दिवशी आधी पाणी प्यायचे, ते आठवलं. पाणी प्यायले.

म्हणाले, "माझ्या नवऱ्याचं नाव मधुकर." लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर चारचौघांत नाव घ्यायची ही पहिलीच वेळ. "ते गेल्या साली जानेवारीत वारले. एप्रिलपासून तुमाले उत्तरं देते थे मी. मी लिहिलं होतं, गावाला गेलो होतो. थे खोटं नव्हतं. परत आलो, हे खोटं होतं."

तलवारवालीनं तलवार खाली ठेवली.

मागून एक उंच मुलगा उठला. प्रतीक. त्याचे बोलून पाठवलेले मेसेज ऐकले होते, आवाजावरून कळलं, तो आज चिरकत होता. "म्हणजे दीड वर्ष आम्ही कोणाशी बोललो? मी सरांना माझ्या आईबद्दल सांगितलं होतं. घरात कोणाला सांगितलं नाही ते."

खरं होतं. मनातलं सांगितलं होतं पोरानं.

म्हटलं, "ज्याले सांगितलं त्यानं कोणाले सांगितलं नाई. या जाऊबाई बाजूच्या घरात ऱ्हायते. इचार."

जाऊबाई बसल्या जागेवरून ओरडल्या, "मले तं परवाच समजलं बाप्पा! थेबी अर्धंच!"

दोघंचौघं हसले. प्रतीक नाही हसला.

मी विचारलं, "तुले काय सांगितलं होतं पाहाले?"
"छत्रीवाली." मेलेला म्हातारा छत्र्या दुरुस्त करतो आणि ज्याची छत्री ते माणूस न्यायला येतं, ती.
"पाह्यली?"
"तीनदा."
"चुकीची सांगितली होती का?"

"नाही," म्हणाला, आणि खाली बसला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक बारकीशी मुलगी उठली. "मी साखरखेर्ड्याची साक्षी. मले माहीत होतं." सगळे तिच्याकडं वळले. "सर दहा नावं द्यायचे, अन् कोणतं आधी पाहाचं थे आपल्यालेच समजत नव्हतं. एप्रिलपासून एकच नाव यायला लागलं, अन् बरोबर तेच. अन् मधुकर सरांनी मले कधी एकदा तरी इचारलं का, जेवली का म्हणून?"

"मंग बोलली काऊन नाई?"
"बोलली असती तं तुम्ही गेल्या असत्या."

हॉल हसला की रडला, मला सांगता येणार नाही. मी दोन्ही केलं.

गौरव शाल घेऊन आला. पुरुषाची, करडी. म्हणाला, "काकू, ही सरांसाठी आणली होती..." म्हटलं, आण इकडं, थंडीत शेतात उपयोगी पडते. टाळ्या अशा वाजल्या की जाऊबाई दचकल्या.

मग खुर्ची मांडली. रांग लागली. दोन तास. दिवस पाहिजे का माणूस? दिवस, दिवस, माणूस, दिवस. एक पन्नाशीचे गृहस्थ मुलाला सोडायला आलेले, तेही रांगेत लागले, "माणूस" म्हणाले. छत्रीवाली सांगितली. तलवारवाली म्हणाली दिवस, गॅदरिंगचा, नाचताना पडली होती तो. मंगळवारवाली. एकही शिफारस अडली नाही. सत्तावीस जणांना सांगितलं आणि वहीकडं एकदाही पाहिलं नाही.

शेवटी प्रतीक आला. रांगेत नव्हता, बाजूनं आला.
"काकू, तुम्हाला?"
"मले काय?"
"दिवस पाहिजे का माणूस?"

जाऊबाईंनी लाडू पुढं केला तेवढ्यात. मी म्हटलं, लाडू घे.

६ ऑक्टो.

पाय सुजले. मेथी उपटायची राहिली. गौरवनं फ्लेक्स एसटीत टाकून पाठवला. कंडक्टर म्हणाला, काय व मावशी, निवडणुकीला उभे राह्यले का सर? म्हटलं, निवडूनही आले.

९ ऑक्टो.

ग्रुपमधून तिघं निघून गेले. सरांच्या नावानं फसवणूक झाली म्हणाले. त्यांचं त्यांना. वाईट वाटलं, पण झोप लागली.

नवीन बावीस आले.

गौरव : "काकू, नाव बदलून घ्या ना. सर दिसतं अजून." कसं बदलायचं ते चित्र काढून पाठवलं. "विमल" टाइप केलं. खाली बरोबरची खूण. दाबली नाही. फ्लेक्स गोठ्याच्या भिंतीला लावला आहे, वासरू त्याला चाटतं.

१३ ऑक्टो.

जाऊबाई छत्रीवाली पाहतात. दुपारी भांडी घासून झाली की हजर. खालच्या ओळी मी वाचून दाखवते, म्हणजे माझं वाचनही पळायला लागलं, आता एका भागाला पाऊण तास. म्हातारा छत्री देतो तेव्हा त्या दर वेळी म्हणतात, "घेऊन जाय बाप्पा, पाऊस येऊन राह्यला." आणि नाक पुसतात.

मी म्हटलं, डोये जातीन.
"जाऊ दे."

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन

सकाळी ग्रुपवर नवी मुलगी आली, लोणारची. लिहिलं, "इथं मधुकर सर आहेत का? मैत्रिणीनं सांगितलं त्यांना विचार."

मी काही लिहायच्या आत बाकीच्यांची रांग लागली. साक्षी, गौरव, नर्स, तलवारवाली, सगळे एकच : "सर गावाला गेलेत. काकूंना विचार."

पदरानं फोन पुसला, पुन्हा वाचलं.

नाव बदललं. खूण दाबली. आता "विमल काकू" दिसतं. फोटो मात्र ह्यांचाच राहू दिला. कोणी काही म्हटलं नाही.

प्रतीकचा वेगळा मेसेज : "काकू, उत्तर बाकी आहे."

खरं आहे. सगळ्यांना विचारते आणि स्वतः मात्र लाडू पुढं करते. दिवस म्हणावं तर कोणता? माणूस म्हणावं तर हे म्हणतील, आधी दहाची यादी घे. प्रतीकला लिहिलं, "सांगते. जेवलास का?"

पणत्यांना अजून तास आहे. फाटकवाली लावली आहे, भा. ९. रेघ १४ मिनिटांवर. चित्र थांबलेलं, फाटक अर्धं खाली आलेलं, ती बाई दांडा धरून उभी. गाडीचा नुसता उजेड दिसतो, साल कोणतं ते कळत नाही. जाऊबाई शेजारी वाती करत बसल्या आहेत.

"दाब न व. कोन येते गाडीत थे तं पाहू दे."

म्हटलं, थांबा. एवढं लिहून होऊ द्या.