टटलचं हाड

वॉशिंग्टन, ३ मार्च १८८४
निवृत्तीचा कागद आला. तेवीस वर्षांची फौजेतली डॉक्टरकी संपली! लव्हिनिया म्हणाली, "आता तरी झोपेत भांडणं थांबवा." बायकोला काय सांगू — भांडतो ते ऑरिन टटलशी.

४ मार्च
एकदा लिहूनच टाकतो. यादवी युद्ध, व्हर्जिनियातला शस्त्रक्रियेचा तंबू, मे १८६४. बाहेर साठ जखमी ताटकळलेले. टेबलावर ओहायोचा शिपाई टटल, धंद्याने पिंपं बनवणारा, पायात गोळी घुसलेली. "डॉक्टर, बोटं हलतायत बघा की! कापू नका!" हलत होती. क्लोरोफॉर्म दिला आणि गुडघ्याखाली पाय कापला. शुद्धीवर येताच म्हणाला, "चांगला पाय तोडलास, खाटका." दर नाताळला त्याचं पत्र येतं. त्यात हेच एक वाक्य.

तेव्हा हुकूमच होता — कापलेल्या हाडाला चिठ्ठी बांधायची, कुजू नये म्हणून व्हिस्कीच्या पिंपात घालायचं आणि वॉशिंग्टनला फौजेच्या वैद्यकीय संग्रहालयात धाडायचं. टटलचं हाडही तिथेच आहे. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर.

५ मार्च
पाऊस होता म्हणून गेलो नाही. खोटं. घाबरलो.

६ मार्च
पाहिलं! चिठ्ठीवर माझंच अक्षर — ऑ. टटल. आणि हाडाचा पार चुरा, चीर थेट घोट्याच्या सांध्यात उतरलेली. बोटं हलोत नाहीतर नाचोत, तो पाय वाचणारा नव्हता! मी कपाटाला धरून उभा राहिलो. रखवालदार म्हणाला, "तुमचाच पाय का साहेब? बरेच जण येतात आपापला बघायला." मी चक्क हसलो. येताना दोन प्लेट कालवं हाणली. घरी येऊन टटलला सगळं लिहून कळवलं.

९ मार्च
लव्हिनियाचं म्हणणं, आता नुसता घोरतो. ते परवडलं.

१९ मार्च
टटलचं उत्तर! "डॉक्टरसाहेब, वीस वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या. रविवारी चर्चमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगितलं, त्या माणसाचं बरोबर होतं. माफ करा." खाली गंमतही केलीय — "नव्या जोडातला उजवा बूट शेजारच्या हॅम्लिनला देऊन टाकतो. त्याचा डावा पाय गेलाय. एका जोडात दोघांचं भागतं."

लव्हिनियाला वाचून दाखवताना रडलो. लाज वाटली नाही. पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय.

२० मार्च
उजवा बूट देऊन टाकतो — म्हणजे मी त्याचा उजवा पाय कापला होता.

पुन्हा संग्रहालयात जाऊन आलो. चिठ्ठी माझ्याच हातची. हाड डाव्या पायाचं आहे. टटलचं नव्हे.