बत्तिसाव्या पानावरचे आजोबा

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (उजवा हात शाईने बरबटलाय, त्यामुळे तूर्त सातच अंगांनी, आठवं धुऊन मागाहून पाठवते). तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे तू दिवसातून चारदाच चढत असशील. अप्पांना माझा नमस्कार सांगू नकोस. मागचा सांगितलास तेव्हा तुझे बंधुराज वर्तमानपत्रातून मान वर न करता "कोणाचा?" म्हणाले, असं तूच लिहिलंस. त्यांनी खटपट करून लावून दिलेली नकाशा कचेरीतली पक्की नोकरी सोडून मी चित्रं काढायला लागले, त्याला आता तीन वर्षं होतील. इतका राग इतके दिवस टिकवायचा म्हणजे माणूस ठणठणीत हवा, तेव्हा त्यांची तब्येत उत्तम आहे असं मी धरून चालते.

माझं म्हणशील तर एका म्हाताऱ्याने जीव खाल्लाय. मुलांच्या पुस्तकाची बत्तीस चित्रं करायला घेतली आहेत. त्यात एक खडूस आजोबा आहेत. नात त्यांची छत्री घेऊन पळून जाते, ते एकतीस पानं धुसफुसत राहतात, बत्तिसाव्या पानावर ती परत येते आणि आजोबा हसतात. झालं, एवढीच गोष्ट. एकतीस चित्रं पसंत पडली. बत्तिसावं संपादकबाईंनी तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा म्हणाल्या, हे हसत नाहीत, यांची दाढ दुखतेय. दुसऱ्यांदा म्हणाल्या, हे आपल्याला काहीतरी विकायला आलेत. तिसऱ्यांदा नुसतं प्रश्नचिन्ह आलं. वीस तारखेपर्यंत जमलं नाही तर पुस्तक दुसऱ्याकडे जाणार, आणि एका पुस्तकात दोन हात दिसायला नकोत म्हणून तो सगळीच चित्रं नव्याने काढणार. आत्या, मुखपृष्ठावर माझं नाव येणारं हे पहिलंच पुस्तक गं. इतके दिवस मी औषधांच्या खोक्यांवरचे सुजलेले घसे आणि शाळेच्या पुस्तकातले चिरलेले बेडूक काढत आलेय. हे गेलं तर मला पुन्हा बेडकांकडे जावं लागेल.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते (अप्पांना ऐकू जाणार नाही अशा बेताने वाच). चेहरा काढायचा तर तो आधी स्वतः करून बघावा लागतो. समोर आरसा ठेवायचा, डोळे वटारायचे, गाल फुगवायचे आणि तसंच राहून भराभर रेघा मारायच्या. माझा आरसा खिडकीच्या कठड्यावर असतो, कारण उजेड तिथेच. तिथे बसून मी महिनाभर त्या आजोबांसाठी रागावले, फुरंगटले, खेकसले. आरशाच्या बरोब्बर मागे, गल्ली ओलांडून, समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची खिडकी आहे, हे माझ्या लक्षात यायला नको होतं का? नाही आलं. मी चित्रात होते, आणि त्या तिथे बसून मोजे विणत होत्या.

मंगळवारी दारावर थाप पडली. मला वाटलं, नेहमीप्रमाणे कोणीतरी किल्ली ठेवायला आलं. (मी घरी काम करते म्हणजे घरीच असते, आणि घरीच असते म्हणजे रिकामीच असते, असा सगळ्या इमारतीचा ठाम समज आहे. सध्या माझ्याकडे चार घरांच्या किल्ल्या, दोन पार्सलं आणि पहिल्या मजल्यावरचं एक चिडकं मांजर आहे.) दार उघडते तो घरमालकीणबाई, आणि त्यांच्यामागे मुख्याध्यापिकाबाई, हातात वही. वहीत तारीखवार नोंदी! सोमवारी जीभ काढली. बुधवारी दात विचकले. शुक्रवारी सलग पाच मिनिटं डोळे वटारले, मध्ये चहा प्यायली, पुन्हा वटारले. चाळीस वर्षं शाळा चालवली, पण असा निगरगट्टपणा पाहिला नाही, असं त्यांनी मला उभं करून सुनावलं. माझ्याच खोलीत मी भिंतीला टेकून उभी, हात मागे. आत्या, मला रडूच फुटायचं बाकी होतं.

शेवटी मी एकतीसच्या एकतीस चित्रं जमिनीवर मांडली आणि आरसा दाखवला. बाईंनी चष्मा लावला. एकेक चित्र वहीतल्या तारखेशी ताडून पाहिलं. मग म्हणाल्या, बुधवारचा चेहरा तू पाहिजे तितका ताणला नाहीस, खिडकीतून तो जास्त चांगला दिसत होता. झालं, वातावरण निवळलं. त्या खुर्चीत बसल्या आणि हसून दाखवते म्हणाल्या. पण त्या हसतात तोंडावर हात ठेवून. घरमालकीणबाईंना हसायला लागलं की डोळ्यांना पाणी येतं, कागदावर ते शोकसभेसारखं दिसलं. किल्ली न्यायला आलेल्या इस्त्रीवाल्यालाही बसवलं; हस म्हटल्याबरोबर तो बिचारा असा गंभीर झाला की मीच त्याला पाणी दिलं.

बाई मात्र पुन्हा चित्रांकडेच वळल्या होत्या. एकतीस पानं हा गृहस्थ स्वेटरचं वरचं बटण चुकीच्या काजात घालतो, विचार करताना डावा कान ओढतो, हा कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काल्पनिक. त्यांनी चाळीस वर्षं खोटं बोलणारी मुलं पाहिली आहेत, त्यामुळे त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आणि एवढंच म्हणाल्या की या माणसाला हसताना तू पाहिलंयस का कधी? मी म्हटलं, तुम्ही चहा घेणार का?

असो. बाकी सगळं झकास चाललंय. जेवण वेळेवर होतं, झोप भरपूर होते, काळजीचं काही कारण नाही. गुडघ्याला जप.

तुझी लाडकी भाची
(घरीच असणारी)

ता. क. : तुझ्या कपाटातल्या जुन्या फोटोंत अप्पांचा एखादा हसरा फोटो असेल तर टपालाने पाठवशील का? बाकी पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

ता. क. २ : नाहीये. मला माहीत आहे. सगळे फोटो मी पाहिलेत, स्वतःच्या लग्नातही ते ओळखपत्रासाठी बसल्यासारखे बसलेत. त्यापेक्षा तूच त्यांना जरा हसव, आणि तेव्हा डोळ्यांच्या कडांचं नेमकं काय होतं ते मला कळव. मी कशासाठी विचारतेय ते सांगू नकोस.

ता. क. ३ : जेवण वेळेवर होतं आणि झोप भरपूर होते हे खोटं आहे. काळजीचं कारण नाही हेही. मला त्यांची फार आठवण येते गं.

ता. क. ४ : वरचं सगळं राहू दे. वीस तारखेचं काय व्हायचं ते होईल. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. वही-पेन्सिल आणत नाही. त्यांना हसायलाही सांगू नकोस. फक्त बेल वाजली की तू उठू नकोस, गुडघा दुखतोय म्हण. दार त्यांना उघडू दे.