राजा ओरीनचा दुखवटा

तळवली, मंगळवार

तीर्थस्वरूप नामदेवमामा यांना तेजसचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत आणि पेणला तुम्हीही ठणठणीत असाल अशी आशा आहे. ही आशा मी दर पत्रात लिहितो, पण या वेळी विचार करून लिहिली आहे. गुडघा कसा आहे? बीपीची गोळी वेळेवर घेता ना? आईने मुद्दाम विचारलं आहे. बाबांनीही विचारलं आहे (बाबांनी तुमच्या तब्येतीची चौकशी करण्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण पुढे येईल). फोन करता आला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि तुमच्या ऐवजी मामीच उत्तरं देतात, म्हणून लिहितो आहे. पत्र शक्यतो एकट्याने वाचावं.

‘सातवा बुरूज’चा शेवटचा सीझन कसा झाला, असं तुम्ही मागे विचारलं होतं. पायाला प्लास्टर असताना आमच्याकडे पडल्या पडल्या तुम्ही पहिले तीन सीझन पाहिलेत आणि मग इंटरनेट नसलेल्या घरी परत गेलात, तेव्हा पुढचं सांगणं माझं काम आहे. मी कोणाची बाजू न घेता सांगतो.

आधी वेगाबद्दल. तुम्हाला आठवत असेल, बुरुजापासून खाऱ्या समुद्रापर्यंत जायला त्यांना दुसरा सीझन अख्खा लागला होता. वाटेत घोडे मेले, एकाचं लग्न झालं, एकाचा पाय कापावा लागला. या सीझनमध्ये तेच अंतर राणी जेवणाआधी जाऊन येते. घणसोलीहून पनवेलला जायला मला याहून जास्त वेळ लागतो. मग उडत्या मगरी. त्या फक्त राजघराण्याचं रक्त असलेल्या माणसाचं ऐकतात, हे सात सीझन आपल्याला दम देऊन सांगितलं होतं. आता त्या कोणाचंही ऐकतात. सहाव्या भागात एका सैनिकाने रस्त्यात नुसता हात दाखवला आणि मगर थांबली (आपल्याकडे रिक्षाही थांबत नाही). आणि सिंहासन शेवटी मिळालं ते आचाऱ्याला. माझं आचाऱ्यांशी काही वाकडं नाही. पण या माणसाने आजवर फक्त सूप आणून ठेवलं होतं. शेवटच्या भागात सगळे सरदार त्याच्याकडे वळून म्हणतात, की हाच आपल्याला ओळखतो. म्हणजे कोणाला मीठ कमी लागतं, हे ओळखतो. राज्य चालवायला तेवढं पुरतं का, यावर मी मत देत नाही.

आता जरा बसून घ्या. आपला म्हातारा गेला.

राजा ओरीन, ज्याच्यासाठी तुम्ही प्लास्टरचा पाय आपटून घेतला होतात, तो पाचव्या भागात वारला. आणि वारला तो दिसलाही नाही. राणी द्राक्षं खात बसलेली असते, एक नोकर येऊन म्हणतो, ‘महाराज नहीं रहे,’ राणी म्हणते, ‘अच्छा,’ आणि पुढचं द्राक्ष उचलते. बस्स. ना चिता, ना शिंग फुंकणं, ना कोणी दोन शब्द बोललं. सात सीझन ज्याने बुरूज राखला, त्याला एका द्राक्षाइतकाही वेळ दिला नाही. आम्ही पाच मित्र मिळून बघत होतो. मग ठरलं, की त्यांनी नाही केलं तर आपण करू. आपल्याकडे माणूस गेल्यावर काय करतात? फ्लेक्स लावतात.

तुम्हाला ठाऊकच आहे, बारावी सुटल्यापासून मी धनाजी शेठच्या दुकानात फ्लेक्सचं डिझाइन करतो. श्रद्धांजलीचे फ्लेक्स माझ्याकडेच येतात, कारण ‘श्रद्धांजली’ मला न बघता लिहिता येतं. हे काम मी नेहमीपेक्षा जास्त मन लावून केलं, आणि घोटाळा तिथेच झाला. फोटोतला मुकुट मी कापून टाकला. मुकुटवाल्याला श्रद्धांजली वाहिली तर लोक हसले असते, आणि मला गांभीर्य हवं होतं. अंगावरचं अस्वलाचं कातडं काढून पांढरा सदरा घातला. वर हार, दोन्ही बाजूंना समया. नाव टाकलं नाही. सात सीझन पाहिलेल्याला चेहरा पुरेसा आहे आणि न पाहिलेल्याला नाव सांगून उपयोग नाही. खाली ‘शोकाकुल’ म्हणून आम्हा मित्रांचे हात जोडलेले गोल फोटो. खरं तर माझा फोटो मी घेणार नव्हतो. पण चौघांचेच लावले तर फोटोच्या खाली मधोमध जागा रिकामी दिसत होती. ती मला बघवेना. तिथे मी बसलो.

शनिवारी फ्लेक्स नाक्यावर चढला. आपल्या नाक्यावर इतके फ्लेक्स असतात, की गावातलं कोणी मान वर करत नाही. वाचतात ते फक्त बाहेरून येणारे. आणि रविवारी बाहेरून येणार होते शिरवण्याचे गंगाराम, साखरपुड्याची तारीख ठरवायला. त्यांची मुलगी सुचिता. मामा, याआधीची स्थळं माझं शिक्षण ऐकून चहाआधीच उठली होती. ही माणसं चहाच्या पुढे जाऊन पोह्यांपर्यंत थांबली. आणि सुचिता मला आवडली आहे. हे मी एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

रविवारी आईने कोलंबी केली, बाबांनी नवा शर्ट घातला, पेढे आणले आणि आम्ही वाट बघत बसलो. कोणी आलं नाही. फोनही उचलेनात. बाबा म्हणाले, ‘तुझा बारावीचा निकाल सांगितला असंल कुनीतरी.’ मी कोलंबीला हात लावला नाही. खरं काय झालं होतं ते नंतर कळलं. त्यांची गाडी नाक्यापर्यंत आली होती. वर फोटो, हार, समया, आणि मधोमध हात जोडलेला होणारा जावई. घरात माणूस गेलेलं असताना तारीख कशी काढायची, म्हणून ती सभ्य माणसं तिथूनच गाडी वळवून घरी गेली.

सोमवारी सकाळी दुकानात नवी भानगड. अभय शेठ, जे येत्या निवडणुकीला उभे राहणार आहेत, त्यांच्या माणसाने नाक्यावरचा फ्लेक्स पाहिला. वॉर्डात माणूस गेला आणि शेठचा फ्लेक्स नाही, हे त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. तोच फोटो, दुप्पट मोठा, खाली अभय शेठ डोळे मिटून. मी धनाजी शेठला बाजूला घेऊन सांगितलं, की हा माणूस खरा नाही. ते म्हणाले, ‘गिऱ्हाईक खरा हाय ना? मग छाप.’ छापला. अभय शेठ स्वतः आले, नाक्यावर उभं राहून शांतता पाळली आणि मला मिठी मारून म्हणाले, ‘फार जवलचे होते. मी ओलखायचो त्यांना.’ गेलं कोण, हे त्यांनी विचारलं नाही. गावात कोणीच विचारलं नाही, मामा. आपल्याला ठाऊक नाही असं दिसेल, या भीतीने जो तो मान हलवून पुढे गेला. आता खरं सांगायचं तर अभय शेठ खोटे पडतात. म्हणून मी गप्प बसलो.

संध्याकाळी गंगाराम आले. पांढऱ्या कपड्यांत, बरोबर त्यांची बायको, दोघंही मान खाली घालून. बाबांना वाटलं, एक दिवस उशीर झाला म्हणून ओशाळलेत. ‘या या, आमी कालपासून वाट बघतोय!’ म्हणत त्यांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. गंगाराम पेढ्याकडे बघत राहिले.

‘आता या टायमाला पेढा नको,’ ते म्हणाले.

‘शुगर हाय का?’ बाबा म्हणाले.

‘शुगर नाय. पन आसं बरं दिसंल का?’

‘अवो, आनंदाच्या गोष्टीला काय बरं आनि काय वाईट?’

गंगारामांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. गंगाराम माझ्याजवळ सरकले, पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, ‘वय काय व्हतं रे?’

आता मला कोणी प्रश्न विचारला, की बरोबर उत्तर द्यायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, ‘तीनशे बारा.’

‘किती?’

‘तीनशे बारा. पण दिसायचे साठीचे.’

‘आनि गेले कशानं?’

‘ते दाखवलंच नाही,’ मी म्हणालो. त्यांनी खरंच दाखवायला हवं होतं.

‘पोराच्या मनावर परिनाम झाला,’ गंगारामांची बायको आईला म्हणाली. आई म्हणाली, ‘ल्हानपनापासून तसाच हाय.’ बाबा आतापर्यंत पेढ्यांचा बॉक्स धरून उभे होते. त्यांनी एकदा पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मला पाणी आणायला आत पाठवलं. पाणी घेऊन आलो तर सगळं बदललेलं होतं. पेढे कुठे दिसत नव्हते, बाबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, आई छताकडे बघत होती, आणि गंगाराम उठून मला छातीशी धरत म्हणाले, ‘रड पोरा. मोकला हो.’ मी मोकळा झालो नाही, पण त्यांच्या सदऱ्याला पाणी मात्र सांडलं.

शेवटच्या सीझनबद्दल एकंदरीत माझं मत असं, की वाईट नव्हता, पण माणसांचा हिशेब त्यांनी नीट पुरा केला नाही. तुम्ही नाही पाहिलात तरी चालेल. मामींना नमस्कार. गोळी विसरू नका.

तुमचा भाचा,
तेजस

ता. क. मी पाणी आणायला गेलो तेव्हा बाबांनी काय सांगितलं, ते लिहायचं राहिलं. त्यांनी सांगितलं, ‘मामा व्हता त्याचा. पेनचा. सख्खा.’ दुसरं कोणी त्यांना तेवढ्यात सुचलं नाही. दूर राहणारा आणि गंगारामांनी न पाहिलेला असा आपल्याकडे तुमच्याशिवाय कोणी नाही, हेही खरं. वयाचं त्यांनी मी दुःखात बोललो असं सांगून मिटवलं. गंगाराम फार हेलावले. म्हणाले, ‘मामासाठी आपल्या हातानं फ्लेक्स करतो, वर कुनाला बोलत पन नाय, आसाच जावई पायजे. शिक्षान काय चाटायचं हाय?’ म्हणजे स्थळ पक्कं झालं, आणि ते तुमच्यामुळे झालं. मी आभारी आहे.

ता. क. दोन. मुख्य गोष्ट ही. येत्या रविवारी गंगाराम मामींना भेटायला पेणला येणार आहेत. त्या दिवशी तुम्ही घरी नसावं, ही नम्र विनंती. मामींनी रडायची गरज नाही, गप्प बसल्या तरी पुरे (हे अवघड आहे, मी जाणतो). चपला दारातून उचलून ठेवाव्यात. वाटेत कुठे गाठ पडलीच तर घाबरू नका. त्यांनी तुमचा म्हणून जो फोटो पाहिला आहे, त्यात छातीपर्यंत दाढी आहे.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात सुचिताचा मेसेज आला. तिने आठही सीझन पाहिले आहेत. रविवारी नाक्यावर ती गाडीत मागच्या सीटवर होती आणि तिने म्हाताऱ्याला मुकुटाशिवायही ओळखलं. ती तोंडावर ओढणी धरून हसत होती आणि तिच्या आईला वाटलं, पोरगी हळवी आहे. घरी तिने काही सांगितलं नाही. बाबांनी मारलेली थाप तिला आज कळली. तिने एवढंच विचारलं आहे, ‘मामाला मारलात ते ठीक. पण अक्षता पडताना तुझ्या पाठीशी मामा म्हणून कोण उभा राहील?’

मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. दुकानात मी कोणाच्याही अंगात पांढरा सदरा घालू शकतो, पण बोहल्यावर ते चालणार नाही. बाकी कोण उभं राहील, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. एकही चेहरा बसेना.

तेव्हा ता. क. दोन रद्द समजावं. रविवारी घरीच राहा. दाढी करून, निळा शर्ट घालून ओट्यावर बसा. ते आले, की मी तुमचा कोण, ते तुम्हीच सांगा. मी त्यांच्याच गाडीतून येतो आहे. बाबांना यातलं काही ठाऊक नाही. बोलणी तुम्हाला नाही, मलाच बसतील, तेव्हा बीपीची काळजी करू नका. सुचिता म्हणते, स्थळ मोडलं तर ती घरी बोलेल. ती बोलली तरी आणि नाही बोलली तरी, माझ्या पाठीशी तुम्हीच हवे आहात.