राजहंस, तर्रीपोहे अन् जळलेला रोल

तलावाच्या पाळीवरून,
हिंगण्याच्या पुढं, जिल्हा नागपूर.

आदरणीय मीराबाईस धाकट्या मायाचा सप्रेम जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की तू माझा फोन उचलत नाही. वसंतच्या फोनवरून केला त माझा आवाज ऐकल्याबरोबर तू ठेवून दिला. (लहानपणी आई भांडे घासाले हाक मारे तेव्हा तुले एवढ्या लवकर कधी ऐकू आलं नव्हतं.) इकडे आम्ही सगळे मजेत आहो. तुझी खुशाली मले तिसऱ्याच्या तोंडून समजते. गुडघा दाखवाले तू नागपुरात धंतोलीत आली होती म्हणे, चार घंटे बाकड्यावर बसली, अन् माझ्या घराकडची बस डोळ्यासमोरून गेली तरी वर्धेच्या बसमध्ये जाऊन बसली. आता गुडघा कसा आहे? राग कसा आहे ते विचारत नाही. तो ठणठणीत आहे हे पत्रिकेवरून समजलं.

संघपालच्या मंगल परिणयाची पत्रिका भेटली. चांगली आहे, कागद जाड आहे. वर पेनानं लिहिलं आहे 'श्री. वसंतराव', अन् खाली छापलं आहे 'सहपरिवार'. मी वसंतले विचारलं, या परिवारात मी येते का? तो म्हणे, "छापील हाय त सगळेच आले." बाई, मले छापील मावशी व्हायचं नाही. संघपाल नऊ वर्षांनी झाला तुले, त्याचं पहिलं लंगोट मी शिवलं. तू आपल्या तोंडानं 'माया, ये' म्हणशील त मी येईन. नाही म्हणशील त वसंत येऊन जेवून जाईल अन् मी लग्नाच्या दिवशी इथं पोहे विकत बसेन. सरळ सांगते, मले वळणं घेऊन बोलता येत नाही.

हाव, मले माहीत आहे तू काय म्हणशील. 'आधी कबूल कर.' तेवीस वर्षांपासून तुझं एकच गाणं. संघपालच्या नामकरणाचा रोल फोटोवाल्या नत्थूनं धुतला अन् सगळा पांढरा निघाला, त्यात माझी काय चूक? नत्थू म्हणे कोणीतरी कॅमेरा मागून उघडला. त घरात पन्नास माणसं होती. तू माझ्याकडेच काहून पाहिलं? मी चौथी शिकलेली बाई, मले कॅमेऱ्यातलं काय समजते? तेव्हापासून आपण मयतीत भेटलो तरी तू म्हणते, "वसंतराव, तिले सांगा थोडी सरकून बस." मी हातभर अंतरावर! असो. तो विषय मी काढत नाही. (तू काढते.)

मी तुले इकडची गंमत सांगाले बसली होती. तीन वर्षं झाले, हिवाळा लागला की आमच्या तलावावर फोटोवाल्यांची जत्रा भरते. पुण्याचे, मुंबईचे, हैदराबादचे. अर्धे वाघ पाहाले जंगलाकडे जातात अन् अर्धे इकडे येतात, कारण इथं राजहंस उतरतात. तेच वं, डोक्यामागं दोन काळे पट्टे असलेले, ज्यांनी बापूचा हरभरा खाल्ला होता अन् बापू चप्पल घेऊन मागं धावला होता. ते हिमालय ओलांडून येतात म्हणे. हिमालय ओलांडून हरभरा खाले! मी एका फोटोवाल्याले विचारलं, तुमच्याकडे काय पाखरं नाहीत? तो म्हणे, "पाखरं आहेत हो काकू, पण तुमच्याकडचा उजेड नाही." उजेड! ज्या उन्हानं आपले पापड वाळले अन् आपण वाळलो, त्याच्यासाठी हे लोक विमानानं येतात. मी म्हटलं, उन्हाळ्यात या, पोतंभर देते.

तर मी पाळीवर तर्रीपोहे अन् चहा लावला. पहिल्या दिवशी तर्री आपल्या हिशेबानं तिखट केली त पुण्याचे तिघं जण रडले. रडता रडता एकानं ताटलीचेच चाळीस फोटो काढले. पाह्य, हे मले पटत नाही. नत्थूच्या वेळी कसं होतं? रोलमध्ये छत्तीस फोटो. नत्थू बोट वर करे, सगळे श्वास धरत, लेकरू शिंकलं त बाप त्याले रट्टा मारे, तवा एक फोटो निघे. मंग आठ दिवस वाट पाहा. हे लोक एक हंस पाठ खाजवते त त्याचे साठ फोटो काढतात, अन् मंग बसून एकोणसाठ पुसतात. मी म्हटलं, मंग काढले काहून? त म्हणे आता रोल लागत नाही, फुकट आहे. फुकट आहे म्हणून काय हंसाची पाठ पाहत बसायचं?

त्यातला एक गौरांग. पुण्याचा, पस्तिशीचा असेल, लाडानं बोलते. मागच्या बुधवारी सकाळी मी किटली घेऊन पाण्याच्या कडेनं चालली होती. समोर पाचोळ्याचा ढीग होता, मी त्याच्यावर पाय दिला. ढिगारा म्हणे, "आई गं." मी बोंबलली, घसरली अन् त्याच्यावरच बसली. तो गौरांग होता वं! पानाफुलाचं कापड अंगावर ओढून चिखलात पालथा पडला होता. इकडे माझ्या बोंबेनं तलावातले दोनशे हंस एका झटक्यात उडाले. असा फडफडाट, जशा शंभर बायका एकदम चादरी झटकून राहिल्या. अन् हा माणूस, मी पाठीवर बसली असतानी, बटन दाबून राहिला.

हंस गेले. मंग तो मान वळवून म्हणे, "काकू, तीन दिवस! तीन दिवस मी इथे न हलता पडून होतो!"

मी म्हटलं, "म्हणूनच मले ढीग वाटला. उठ, चहा घे." चहा कुठचा, किटली पाण्यात.

पण बाई, त्यानं कॅमेऱ्याची पाठ माझ्याकडे केली अन् तिथं लगेच फोटो. आठ दिवस नाही, आठ पळं नाही. सगळे हंस वर उठलेले, उन्हानं पंखांच्या कडा सोन्यावाणी, अन् कोपऱ्यात माझी किटली हवेत, झाकण वेगळं, चहाची धार वेगळी, धारेतून उजेड आरपार. (पडली तेव्हा हात मागं गेला होता, किटली तिथून उडून त्याच्या समोर गेली.) गौरांग हळूच म्हणे, "काकू, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी फोटो आहे." मी म्हटलं, आणखी एकदा बसू का?

मी तो कॅमेरा हातात घेतला. पुढून पाहिला, बाजूनं पाहिला, अन् सवयीनं माझं नख मागं खटक्याकडे गेलं. (सवय म्हणजे काही सवय नाही. असंच गेलं.) खटका नाही. झाकणच नाही! मी विचारलं, हा उघडते कुठून? तो म्हणे, उघडायची गरजच नाही, काकू, उजेडानं यातलं काही जळत नाही, हवं तेव्हा पाहा. बाई, मी तिथंच पाळीवर बसून राहिली. गिऱ्हाईक तर्री मागून राहिले अन् मी बसून.

मंग मी गौरांगले म्हटलं, मले हा फोटो कागदावर पाहिजे. तो म्हणे, पाठवतो ना फोनवर. मी म्हटलं, फोन भिंतीवर लटकवू काय? त्याच्या मशिनीत दीड लाख फोटो आहेत अन् घरात कागदावर एकही नाही. त्याच्या आईचाही नाही! मले त्याची दया आली. मी त्याले वसंतच्या गाडीवर मागं बसवलं, मी त्याच्या मागं बसली, अन् आम्ही तिघं प्रताप नगरात नत्थूच्या दुकानी गेलो. नत्थू आता पासपोटचे फोटो अन् झेरॉक्स करते, ती अंधारी खोली होती तिथं त्याची बायको लोणच्याच्या बरण्या ठेवते. पण मशीन चांगली आहे. फोटो निघाला, नत्थूनं पाहिला, गौरांगची पाठ थोपटली. मंग चष्म्यावरून मले पाहून म्हणते कसा, "वहिनी, यावेळी नाही ना उघडला?"

वसंत हसला. गौरांगले काही समजलं नाही तरी तोही हसला. मले असा राग आला! मी फोटो उचलला अन् बाहेर आली. नत्थू मागून म्हणे, "मीराबाईले अजून नाही सांगितलं? मी तेवीस वर्षं तोंड बंद ठेवलं, वहिनी. आता माझे दात पडून राहिले, किती दिवस बंद राहीन?"

आता कांदे कापायचे राहिले आहेत, म्हणून इथंच थांबते. घरच्या सगळ्यांले जय भीम. गुडघ्याले तिळाचं तेल लाव.

तुझी लहान बहीण,
माया

ता. क. हाव, मीच उघडला. झालं समाधान? नत्थू जेवाले बसला होता, कॅमेरा पलंगावर होता. संघपाल पाळण्यात हसला होता तेव्हाच त्यानं बटन दाबलं होतं, अन् मले पाहायचं होतं हसू कसं आलं. मले वाटलं, कोंबडीखाली अंडे असतात तसे आत लहान लहान फोटो तयार होऊन बसले असतील. घरात नीट दिसे ना, म्हणून अंगणात नेऊन भर उन्हात उघडला. नऊ वर्षं तू वाट पाहिली, बाई, अन् मले आठ दिवस थांबवलं गेलं नाही. तुझं लेकरू होतं म्हणून. दुसऱ्याचं असतं त उघडला नसता.

ता. क. दुसरं. सगळा रोल पांढरा निघाला नव्हता. सगळ्यात आतला, पहिला फोटो अर्धा वाचला होता. नत्थूनं तो मले चुपचाप दिला होता. तुले दिला असता त त्याच्यावरचा उजेडाचा पट्टा पाहून तू मलेच धरलं असतं, म्हणून मी तो पेटीत तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवला. या पत्रात घातला आहे. अर्धा संत्र्याच्या सालीवाणी जळला आहे, पण उरलेल्या अर्ध्यात तू आहे, तुझ्या मांडीवर संघपाल आहे, अन् तू अशी हसून राहिली की तुझी पडकी दाढ दिसते. लग्नात पडद्यावर लहानपणापासूनचे फोटो दाखवतात ना, त्यात हा पहिला लाव. नवरीले त्याचा तान्हा फोटो पाहिजे अन् घरात एकही नाही, असं संघपाल मले म्हणत होता.

ता. क. तिसरं. संघपाल मले कुठं भेटला, हे विचारू नको. त्याची कंपनी इथून जवळ आहे, अन् तो चार वर्षांपासून दर शनिवारी माझ्या हातचं खाऊन घरी जाते. तू म्हणते ना, शनिवारी त्याले भूक नसते.

ता. क. शेवटचं. गौरांग लग्नाचे फोटो काढून देतो म्हणते, त्याले आपला उजेड आवडला आहे. तू मले बोलाव, मी त्याले घेऊन येते. मी कॅमेऱ्याले बोटसुद्धा लावणार नाही. अन् लावलं तरी भिऊ नको, मागून झाकण नाहीच त्याले. खालून एक लहानसं आहे, पण ते मी अजून उघडून पाहिलं नाही.