चाड्यावरची मूठ

॥ श्री ॥
नायगाव, ता. सिन्नर, जि. नाशिक
१० फेब्रुवारी १९९८

चि. सौ. चंद्रभागास,
सुलाताईचे अनेक आशीर्वाद.

एस.टी.ने पाठवलेलं सगळं पोचलं. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि ज्वारीच्या बियाण्याची पिशवी. हमाली सहा रुपये पडली. चटणी सांडली नाही. पण ती पिशवी पाहून मला घास गेला नाही.

संक्रांतीला आमच्या ओट्यावर, शेजारच्या गोटीरामभाऊंसमोर हे तुझ्या धोंडीरामरावांना म्हणाले, "पाहुणे, मंगळवेढ्याचं शहाणपण मंगळवेढ्यातच ठेवा. आमची ज्वारी करपवलीत." धोंडीरामराव नुसते हसले आणि चहा तसाच ठेवून उठले. तरी त्यांनी निवडून बी पाठवलं. तू मात्र एक ओळ लिहिली नाहीस. बरोबरच आहे.

इकडे ठीक. परवाची एकादशी पार पडली. म्हैस व्याली, पारडी झाली.

चंद्रे, आता लिहितेच.

गौरींच्या वेळी धोंडीरामराव सांगून गेले होते, "ताई, आमच्याकडं विहीर नाही, पेरल्यावर पाऊस नाही. जमिनीतल्या ओलीवरच पीक काढायचं. मग पिणारी तोंडं कमी ठेवा. ओळी लांब लांब, बी विरळ." यांनी पेरणीची पाभर तशी बांधली. पण चाड्यावर मूठ माझी होती. पाभरीच्या त्या लाकडी वाटीत बी सोडताना हात आखडता घेववेना. घरात तेलाची धार मोजते मी, पण काळ्या आईची ओटी अर्ध्या मुठीनं भरायची? पाप वाटलं. देवाचं नाव घेतलं आणि भरभरून सोडलं.

शेवटच्या चार फेऱ्यांना बी पुरेना. "मोजायला चुकलं," हे म्हणाले. पोतं झटकून निघालं तेवढंच तिथं पडलं. आज बाकीचं रान दाट आहे, पण पानं वाळलेली, कणीस बोटाएवढं. त्या चार फेऱ्यांत मात्र कणसं मुठीत मावत नाहीत. हे म्हणतात, "बांधाची ओल असंल." मी मान डोलावली.

चूक मंगळवेढ्याची नाही, माझ्या हाताची. तुझ्या माणसाचा अपमान होत होता आणि मी आत कप विसळत ऐकत राहिले.

शिवरात्र झाली की ज्वारी उपटणार. एकदा रान मोकळं झालं की गप्प बसणं मला फार सोपं जाईल, त्याचीच भीती वाटते. त्याआधी धोंडीरामरावांना घेऊन ये. यांना आणि गोटीरामभाऊंना त्या फेऱ्यांत उभं करून सगळ्यांसमोर सांगेन. एकटीनं सांगायला दोनदा तोंड उघडलं, तसंच मिटलं.

पत्र त्यांना वाचून दाखव. येतात का, उलट टपाली कळव. नाही म्हणाले तरी कळव.

तुझी,
सुलाताई