वळणावरची निळी रेघ

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सादर नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले. माझा निकाल लागला, पहिली आले. बाबांची दृष्टी मात्र गेल्यातच जमा आहे. उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

तरीही ते चित्र काढतात. मी खिडकीशी बसून समोरची टेकडी सांगते, ते ऐकून रंग लावतात. "झाड म्हणू नकोस. रंग सांग, लांबी-रुंदी सांग. झाडाचं काय करायचं ते माझं मी बघेन." माझे चुकले की टोमणा ठरलेला: "पहिला नंबर काढतेस आणि नुसतं राखाडी म्हणून मोकळी होतेस? कोणतं राखाडी? ओल्या पाटीचं की चुलीतल्या राखेचं?" चित्र नेहमीसारखेच: चार पट्टे, दोन तिरके तुकडे, तरी पाहताक्षणी हीच टेकडी.

ब्रश धुताना ते रोज विचारत, "रस्त्यावर कोणी आहे?" कोण, ते मला विचारावे लागत नसे. पाच वर्षांपूर्वी घर सोडताना तू दारात म्हणाला होतास, "तुम्हाला टेकडी दिसते, घरातली माणसं दिसत नाहीत."

गेल्या महिन्यात एकदा मला 'नाही' म्हणवेना. म्हटले, "वळणावर एक उभी रेघ आहे. गडद निळी." तुझ्या कोटाचा रंग त्यांना पाठ आहे. त्यांनी निसर्गचित्रात आयुष्यात पहिल्यांदा माणूस काढला.

दुसऱ्या दिवशी विचारले, "पुढे सरकली?" मी सरकवली. वळणापासून फाटकापर्यंत पाच मिनिटांची वाट. ती रेघ दहा दिवस चालत होती. त्यांनी एकदाही हटकले नाही. रेघ फाटकाशी आली तेव्हा मी घाबरले आणि म्हणाले, "बाबा, धुकं आहे."

तेव्हापासून ते पांढरा लावत आहेत. टेकडी गेली, रस्ता गेला. काल म्हणाले, "एवढं धुकं इथे कधी पडत नाही, बाळ." आणि पांढऱ्याची दुसरी नळी मागितली. निळ्यावर डावा अंगठा दाबून धरतात, तेवढे पांढऱ्याखाली जाऊ देत नाहीत.

येणार असशील तर ये. नसशील तर तसे स्पष्ट लिही. त्यांना खरे काय ते मी सांगेन. पण गप्प राहू नकोस. पांढऱ्याखाली जायचे आता त्या रेघेशिवाय काहीच उरलेले नाही.

खोटे बोलायला फार उशिरा शिकलेली,
तुझी धाकटी बहीण